प्राण्यांचे आवाज आणि इंग्रजीतली माणसं

शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत मुलं ध्वनिदर्शक शब्द पाठ करतात. हत्तीचा चित्कार, घोड्याचं खिंकाळणं, मोराचा केकारव, पारव्याचं घुमणं. इंग्रजीच्या तासालाही तशीच यादी फळ्यावर येते: कुत्रा ‘बार्क’ करतो, मांजर ‘म्यू’ करतं, सिंह ‘रोअर’ करतो, घोडा ‘नेय’ आणि गाढव ‘ब्रे’. जोड्या लावा म्हटलं की लागतात, गुण मिळतात आणि वही मिटते. पुढे हाच विद्यार्थी इंग्रजी कादंबरी उघडतो किंवा एखादी मालिका उपशीर्षकांसह पाहू लागतो, तेव्हा त्याला वेगळंच चित्र दिसतं. तिथे हवालदार ‘बार्क’ करतो, शेजारीण ‘क्लक’ करते, नवीकोरी मोटार ‘पर’ करते, पकडला गेलेला चोर साथीदारांविरुद्ध ‘स्क्वील’ करतो आणि निवडणूक हरलेला पुढारी ‘ब्लीट’ करतो. यादीतले प्राणी जवळजवळ नाहीसे झालेले असतात. माझं म्हणणं असं, की इंग्रजीतले हे आवाजी शब्द प्राण्यांविषयी थोडं आणि माणसांविषयी पुष्कळ सांगतात. म्हणून प्राण्याच्या नावापुढे लिहून ते पाठ करण्यापेक्षा कोण, कोणाविषयी, कोणत्या सुरात वापरतो हे बघत ते शिकावेत. मराठी वाचकाला हे फार जड जाऊ नये. अशा शब्दांची आपल्याकडे वाण नाही, आणि व्याकरणाने त्यांना ‘अनुकरणवाचक शब्द’ असं स्वतंत्र घरही दिलं आहे. अडचण येते ती आपले संकेत इंग्रजीत तसेच लागू पडतील असं गृहीत धरल्यामुळे.

आवाजाची नक्कल करणारा शब्द मुद्दाम शिकायला कशाला हवा, कानावर पडला की कळेलच, असं कुणी म्हणेल. हा वाद फार जुना आहे. यास्काच्या निरुक्तात ‘काक’ हे नाव कावळ्याच्या ओरडण्यावरून आलं असं सांगितलं आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा घडतं अशी नोंद आहे. लगोलग औपमन्यव या आचार्याचं उलट मतही दिलं आहे, की शब्दांत आवाजाचं अनुकरण मुळात नसतंच. विसाव्या शतकात फेर्दिनां द सोस्यूर यांनीही असे शब्द थोडे असतात आणि त्यांतही संकेताचा वाटा मोठा असतो असं दाखवून दिलं. त्यांची व्याख्यानं त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये ग्रंथरूपाने आली. पुरावा घरबसल्या तपासता येतो. आपल्या कानाला कुत्रा भो-भो करतो, इंग्रजाला ‘वूफ-वूफ’ किंवा ‘बाउ-वाउ’, जपान्याला ‘वान-वान’, रशियनाला ‘गाव-गाव’. कोंबडा मराठीत कुकूच कू करतो, इंग्रजीत ‘कॉक-अ-डूडल-डू’, फ्रेंचमध्ये ‘कोकोरिको’, जर्मनमध्ये ‘किकेरिकी’. याहून बोलका दाखला पावशाचा. मृगाच्या तोंडावर ओरडणारा हा पक्षी आपल्या शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा’ म्हणतो, हिंदी भाषकाला ‘पी कहाँ’ विचारतो, आणि भारतात आलेल्या इंग्रजांना त्याच सुरात ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आलं, म्हणून त्यांनी त्याचं नावच ‘ब्रेनफीव्हर बर्ड’ ठेवलं. पक्षी एक, आवाज एक. कुणाला पेरणीची घाई, कुणाला विरह, कुणाला उन्हाळ्यातला ताप. ऐकणारा आपली भाषा घेऊनच ऐकतो.

तरीही आक्षेपात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मांजराचं म्याव, गाईचं ‘मू’ आणि कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्याचं ‘कुकू’ हे पुष्कळ भाषांत ओळखीचं वाटतं. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातल्या क्रातिनोस या ग्रीक नाटककाराच्या एका तुकड्यात मेंढीचा आवाज ज्या अक्षरांनी लिहिला आहे तो आजच्या ग्रीक उच्चाराने वाचला तर ‘वी वी’ होतो. मेंढ्या तेव्हाही ‘बे बे’च करत असणार, तेव्हा माणसांचे उच्चार बदलले असले पाहिजेत, असं अनुमान अभ्यासकांनी त्यावरून काढलं. म्हणजे नक्कल इतकी पक्की राहू शकते की ती भाषेच्या इतिहासातला साक्षीदार होते. पण ती पुसलीही जाते. लॅटिनमधला ‘पिपिओ’ हा पिल्लाच्या चिवचिवाटावरून झालेला शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत ‘पिजन’ झाला, आणि आज त्यात कुणालाही पिल्लू ऐकू येत नाही. तेव्हा शिकणाऱ्याने एवढं धरून चालावं: आवाजावरून अर्थाचा अंदाज बांधता येतो, पण शब्द कुठे बसतो हे त्यावरून समजत नाही.

शब्द कुठे बसतो हे कळण्यासाठी आधी त्यांचे थर वेगळे करावे लागतात. मराठीत हे थर आपण न शिकवता पाळतो. दोन वर्षांच्या मुलाला आपण हम्मा, माऊ, भू-भू, चिऊ, काऊ दाखवतो. तिथे आवाज हेच प्राण्याचं नाव असतं. मूल मोठं झालं की गाय हंबरते, कुत्रा भुंकतो. आणि लिहिताना कुणी ‘भ्रमराचा गुंजारव’ किंवा ‘पक्ष्यांचं कूजन’ म्हणालं तर ती भाषा पुस्तकी आहे हे आपल्याला लगेच जाणवतं. इंग्रजीत नेमकी हीच रचना आहे. ‘मू-काउ’, ‘बा-लॅम’, घोड्यासाठी ‘जी-जी’, कुत्र्यासाठी ‘बाउ-वाउ’ हे पाळण्याजवळचे शब्द. त्यांच्या वर ‘मू’, ‘बा’, ‘वूफ’, ‘क्वॅक’, ‘ऑइंक’ ही उघड नक्कल. अनौपचारिक, गप्पांतली, चित्रकथांतली. त्याच्याही वर ‘बार्क’, ‘ग्रंट’, ‘ब्लीट’, ‘क्रोक’ ही सर्वसाधारण क्रियापदं, जी बातमीतही चालतात आणि शास्त्रीय लेखातही. आणि सगळ्यांत वर ‘लो’सारखे आता फक्त साहित्यात उरलेले शब्द. गाईच्या हंबरण्याला ‘लो’ म्हणण्याची रीत ‘मू’पेक्षा जुनी आहे, तेराव्या शतकातल्या एका प्रसिद्ध इंग्रजी ऋतुगीतात कोकिळकुळातला पक्षी आहे, मेंढीचं ‘ब्लीट’ आहे आणि गाईचं ‘लो’ही आहे. टॉमस ग्रे यांच्या १७५१ मध्ये छापलेल्या स्मशानातल्या विलापिकेमुळे आपल्याकडच्या इंग्रजीच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना ‘लोइंग’ हे रूप माहीत आहे. पण आज इंग्लंडमधल्या गोठ्यात उभं राहून कुणी गाय ‘लो’ करते म्हणणार नाही, आणि पशुवैद्याच्या अहवालात कुणी ‘मू-काउ’ लिहिणार नाही. थर चुकला की वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही विचित्र वाटतं. वर्गात हे शब्द शिकवणाऱ्यांनी यादीत प्राण्याच्या रकान्याशेजारी थराचा एक रकाना वाढवला, तरी मोठं काम होईल. विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या चांगल्या इंग्रजी कोशांत शब्दापुढे ‘अनौपचारिक’, ‘साहित्यिक’, ‘जुना’, ‘लहान मुलांच्या बोलीतला’ अशा खुणा दिलेल्या असतात. अर्थ वाचण्याआधी ती खूण वाचायची सवय लावावी.

थर म्हणजे दर्जा नव्हे, हे मात्र इथेच सांगायला हवं. खालच्या थरातला शब्द हलका, म्हणून टाळावा, असं काही नाही. जेम्स जॉइस यांची १९१६ मधली तरुण कलावंताची कादंबरी ‘मू-काउ’च्याच भाषेत सुरू होते, कारण तिथे वाचकाला लहान मुलाच्या डोक्यात शिरायचं आहे. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मधल्या एका गाण्यात कुत्र्याचा आणि कोंबड्याचा आवाज पालुपदासारखा येतो. जिथे आवाज ऐकवायचा असेल तिथे खालचा थर लागतोच. जिथे आवाजाची नुसती नोंद करायची असेल तिथे वरचा.

व्याकरणात मराठी माणसाची एक ठरावीक चूक होते, तिचं मूळ आपल्या ‘करणे’मध्ये आहे. आपण भू-भू करतो, म्याव-म्याव करतो, चिवचिव करतो. नकलेला क्रियापद व्हायला मराठीत बहुतेक वेळा ‘करणे’ची काठी लागते. त्यावरून गाय ‘डूइंग मू मू’ आहे असं इंग्रजी तयार होतं, आणि ते कानाला खटकतं. इंग्रजीत तीन वाटा आहेत. मुलांशी बोलताना गाय मू ‘म्हणते’ किंवा मू ‘जाते’. म्हणजे ‘सेज’ किंवा ‘गोज’. ‘गो’ हे क्रियापद आवाज जसाच्या तसा ऐकवण्यासाठी फार सोयीचं आहे. घंटा, बंदूक, बेडूक, सगळ्यांना ते चालतं. दुसरी वाट म्हणजे नकलेलाच थेट क्रियापद करणं: गाय ‘मूड’, बदक ‘क्वॅक्ड’. आणि तिसरी, आवाजाला नाम करून त्याला ‘गिव्ह’ किंवा ‘लेट आउट’ जोडणं. कुत्र्याने एक ‘यल्प’ बाहेर सोडली, अशी. लिखाणात ही तिसरी वाट सर्वाधिक उपयोगी पडते, कारण तिच्यात विशेषण घालता येतं: छोटीशी, घाबरलेली, अर्धवट. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मराठीला द्विरुक्ती आवडते, चिवचिव, कावकाव, किलबिल, कुईकुई. इंग्रजीत द्विरुक्ती केली की शब्द बहुधा बालभाषेत घसरतो. ‘क्वॅक’ प्रौढ आहे, ‘क्वॅक-क्वॅक’ बाळाचं आहे.

पाठांतराऐवजी काय करावं, याचं एक उत्तर या शब्दांच्या बांधणीतच आहे. लहान प्राण्यांचे, बारीक आवाजाचे शब्द पाहा: ‘स्क्वीक’, ‘पीप’, ‘चीप’, ‘ट्वीट’. सगळ्यांत ‘ई’ आहे. मोठ्या, खोल आवाजाचे शब्द पाहा: ‘रोअर’, ‘ग्राउल’, ‘हाउल’, ‘बेलो’. तिथे तोंड मोठं उघडतं किंवा ओठ गोल होतात. आपल्याकडेही उंदीर चीं चीं करतो आणि वाघ डरकाळी फोडतो. चिमणीसाठी ‘चि’ आणि पारव्यासाठी ‘घु’. तुटक आवाज असेल तर इंग्रजी शब्द कठोर व्यंजनावर थांबतो, ‘क्वॅक’, ‘क्लक’, ‘यॅप’. लांबलेला असेल तर स्वरावर किंवा सौम्य व्यंजनावर लांबतो, ‘मू’, ‘बा’, ‘ब्रे’, ‘हाउल’. पुन्हा पुन्हा होणारी बारीक हालचाल किंवा आवाज दाखवायला इंग्रजीत शेवटी ‘ल’ किंवा ‘र’ येण्याची जुनी पद्धत आहे, म्हणून ‘कॅकल’, ‘वॉर्बल’, ‘ट्विटर’, ‘चॅटर’. ही जाण नुसती पुस्तकी नाही. ध्वनिवर्धकातल्या खोल आवाजाच्या कर्ण्याला ‘वूफर’ म्हणतात, तो कुत्र्याच्या ‘वूफ’वरून; आणि बारीक आवाजाच्या कर्ण्याला ‘ट्वीटर’, तो पाखराच्या ‘ट्वीट’वरून. मिरवणुकीत छाती हादरवणारा वूफर आपल्या गावोगावच्या पोरांना माहीत आहे. शिक्षकांनी तिथून सुरुवात केली तर ‘ई’ आणि ‘ऊ’मधला हा फरक फळ्यावर लिहावाही लागणार नाही.

उच्चाराकडे मात्र काटेकोरपणे पाहायला हवं, कारण इंग्रजी लेखन इथे फसवतं. ‘ओडब्ल्यू’ ही एकच जोडी ‘लो’ आणि ‘क्रो’मध्ये ‘ओ’ होते, तर ‘ग्राउल’, ‘हाउल’ आणि ‘मिआउ’मध्ये ‘आउ’. कुत्र्याचं ‘बाउ-वाउ’ अनेक जण ‘बो-वो’ असं वाचतात. ‘नेय’मधली ‘जीएच’ ही अक्षरं मूक आहेत.

आता एकाच प्राण्याचे वेगवेगळे आवाज. यादीत कुत्र्यापुढे ‘बार्क’ लिहिलं की विद्यार्थी थांबतो, पण इंग्रज कुत्रा एवढ्यावर थांबत नाही. ‘यॅप’ हे छोट्या कुत्र्याचं चिडकं, सततचं भुंकणं. ‘यल्प’ म्हणजे शेपटीवर पाय पडल्यावरचं केकाटणं. ‘ग्राउल’ म्हणजे गुरगुरणं, आणि ‘स्नार्ल’ म्हणजे दात विचकून गुरगुरणं. ‘व्हाइन’ म्हणजे दाराशी बसून कुईकुई करणं. ‘हाउल’ म्हणजे रात्री मान वर करून काढलेला तो लांब सूर, ज्याला आपण कुत्रं रडतंय म्हणतो आणि अपशकुन मानतो. शिकारी कुत्र्यांच्या टोळीच्या लांब भुंकण्याला ‘बे’ असा वेगळा शब्द आहे. घोड्याचंही असंच: जोरात खिंकाळला तर ‘नेय’, हळुवार असेल तर ‘व्हिनी’, मालकाला पाहून घशातल्या घशात केलेला मऊ आवाज ‘निकर’, आणि नाकातून फुरफुरला तर ‘स्नॉर्ट’. कोंबडा ‘क्रो’ करतो, कोंबडी ‘क्लक’ करते, अंडं घातल्यावर ‘कॅकल’ करते, पिल्लू ‘चीप’ करतं. हे भेद शिकणं म्हणजे शब्दांची हौस असं कुणाला वाटेल. पण पुढचा सगळा डोलारा यांच्यावर उभा आहे, कारण माणसाला लावताना इंग्रजी याच छटा उचलते.

माणसावरचा हा वापर मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. इंग्रजीत कुणाच्या बोलण्याला प्राण्याचा आवाज लावला, की बोलणाऱ्याविषयी लेखकाचं मत त्यात आलंच. ‘बार्क’ म्हणजे तुटक, जोरात दिलेली आज्ञा. त्यात कठोरपणा आहे, पण शिवी नाही. कवायतीच्या मैदानावरचा अधिकारी ‘बार्क’ करतो तेव्हा तो आपलं काम करत असतो. मराठीत ‘साहेब भुंकले’ म्हटलं तर तो सरळ अपमान होतो. तिथे आपला शब्द ‘खेकसले’ किंवा ‘दरडावलं’. उलट बाजूने पाहा. मुलाचं प्रेत पाहून आईने हंबरडा फोडला, हे मराठीतलं दुःखाचं अत्यंत खोल वाक्य आहे. वासरासाठी हंबरणारी गाय आपल्या मनात करुणेशी जोडलेली आहे. तिथे इंग्रजीत ‘मू’ किंवा ‘लो’ आणलं तर दुःखाची थट्टा होईल. इंग्रजीत त्या ठिकाणी ‘हाउल’ हा कुत्र्या-लांडग्याचा शब्द चालतो, किंवा प्राण्याशी संबंध नसलेला ‘वेल’. आपण ज्या प्राण्यात आई पाहतो त्यात इंग्रज दूध पाहतो, आणि आपण ज्यात अपशकुन पाहतो त्यात त्याला शोक ऐकू येतो. इथे कोश कामाला येत नाही. दोन्ही समाज त्या प्राण्याबरोबर कसे राहिले ते जाणून घ्यावं लागतं.

असे आणखी किती तरी शब्द आहेत, आणि प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला आहे. ‘क्रो’ म्हणजे कोंबड्यासारखं आरवणं, माणसाच्या बाबतीत विजयाची फुशारकी. ‘ब्लीट’ म्हणजे शेळी-मेंढीसारखं दुबळं रडगाणं. विरोधकाच्या तक्रारीला ‘ब्लीट’ म्हटलं की तक्रार खरी असो वा खोटी, ती वाचकाच्या नजरेतून उतरते. ‘ब्रे’ म्हणजे गाढवासारखं मोठ्याने, असभ्य हसणं. आपल्याकडे रेकणं बेसूर गाण्याला लागतं, हसण्याला नाही. ‘बेलो’ आणि आपलं बैलाचं डुरकणं जवळचे, दोघांतही ताकदीचा गुर्मीदार आवाज आहे. ‘हिस’ म्हणजे रागाने दबक्या स्वरात फुत्कारल्यासारखं बोलणं. नाटकगृहात नट आवडला नाही की पाश्चात्त्य प्रेक्षक ‘हिस’ करतात किंवा ‘हूट’, म्हणजे आपली हुर्यो. ‘ग्रंट’ म्हणजे अनिच्छेने नुसतं हूं करणं. ‘पर’ हा मांजराच्या समाधानाचा आवाज, म्हणून तो सुखावलेल्या, लाडिक किंवा आतून काही साधून घेणाऱ्या बोलण्याला लागतो, आणि नीट चालणाऱ्या इंजिनालाही. त्याचं भाषांतर ‘गुरगुरणं’ करू नये. आपलं गुरगुरणं रागाचं आहे. चिमणीच्या ‘चर्प’वरून झालेलं ‘चर्पी’ हे विशेषण मात्र निखळ प्रसन्नतेचं. आणि ‘पीप’ नाही काढला म्हणजे आपलं हूं की चूं केलं नाही, हे जुळणं फारच सुरेख आहे.

यात सावधगिरीचीही गरज आहे. ‘कॅकल’, ‘क्लक’, ‘स्क्वॉक’, ‘ट्विटर’ हे पक्ष्यांचे शब्द इंग्रजीत पूर्वापार बायकांच्या बोलण्याला जास्त लावले गेले, तर ‘रोअर’, ‘ग्राउल’, ‘बार्क’ पुरुषांच्या. म्हणजे तीच बैठक, तोच वाद; पुरुष गर्जतात आणि बायका कलकलाट करतात. मराठीतही ‘बायकांची कावकाव’ असंच म्हटलं जातं. आज इंग्रजीत विचारी वाचकाला ही गोष्ट खुपते, आणि खुपायला हवी. शिकणाऱ्याने हे शब्द ओळखावेत, पण सहकारी स्त्रीच्या हसण्याला ‘कॅकल’ लिहिण्याआधी आपण तिच्याविषयी काय बोलतो आहोत हे समजून घ्यावं. कार्यालयीन पत्रात तर वरिष्ठांनी ‘बार्क’ केलं किंवा ग्राहकाने ‘व्हाइन’ केलं, असं लिहूच नये. त्यातून घटना कमी आणि लिहिणाऱ्याचा राग जास्त समजतो.

काही शब्द सरळ सापळे आहेत. भोंदू वैद्याला इंग्रजीत ‘क्वॅक’ म्हणतात, त्याचा बदकाशी थेट संबंध नाही. मलम विकणाऱ्या बढाईखोरासाठी असलेल्या एका डच शब्दाचं ते लघुरूप आहे. टर्की कोंबडा ‘गॉबल’ करतो, आणि बकाबका खाण्यालाही ‘गॉबल’ म्हणतात, पण ते तोंडासाठी असलेल्या ‘गॉब’ या शब्दावरून. ‘क्रोक’ म्हणजे बेडकाचं डराव डराव, बसलेल्या घशाचं बोलणं, आणि उनाड बोलीत मरणंही. शोकसंदेशात ते चुकूनही येऊ नये. ‘स्क्वील’ म्हणजे डुकराचं किंवा ब्रेकचं किंचाळणं आणि गुन्हेगारांच्या बोलीत चहाडी. ‘हूट’ घुबडाचा, पण गप्पांत एखादा माणूस ‘अ हूट’ आहे म्हटलं तर तो भलताच गमतीदार आहे असा अर्थ, आणि ‘हूट’ देत नाही म्हटलं तर फिकीर नाही असा. अमेरिकेच्या वनसेवेने १९७१ मध्ये प्रदूषणाविरुद्ध ‘वुड्झी’ नावाचं घुबड पुढे आणलं, तेव्हा त्याच्या घोषवाक्यात घुबडाचा आवाज आणि फिकीर या दोन अर्थांचा उपयोग केला होता. देशादेशांत फरकही आहे. मांजराचा आवाज ब्रिटिश आणि अमेरिकन वेगळ्या अक्षरांत लिहितात. मोटारीचा भोंगा ब्रिटनमध्ये घुबडासारखा ‘हूट’ करतो, अमेरिकेत हंसासारखा ‘हाँक’. बेडकाचं ‘रिबिट’ हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा बेडकाचं ओरडणं. हॉलिवूड त्याच किनाऱ्यावर असल्यामुळे ते चित्रपट-टीव्हीतून जगभर गेलं. आपल्या तळ्यातला बेडूक तसं ओरडत नाही, तरी इंग्रजी माध्यमातली मुलं त्याला ‘रिबिट’च शिकवतात. ‘ट्वीट’चा प्रवास तर आपल्या डोळ्यांदेखत झाला: २००६ मध्ये ट्विटर सुरू झालं, २०१३ मध्ये ऑक्सफर्ड कोशाने या नव्या अर्थाची नोंद घेतली, २०२३ मध्ये कंपनीने पाखराचं नाव टाकून दिलं, पण बोलण्यात लोक अजून ‘ट्वीट’ करतात, आणि मराठीतही त्याला टिवटिव हा शब्द चिकटला तो चिकटलाच.

एवढं वाचूनही दोन आक्षेप उरतात. एक, हे सगळं पोरकट आहे. ज्याला नोकरीसाठी, अभ्यासासाठी इंग्रजी हवं त्याने ‘मू’ आणि ‘वूफ’मध्ये वेळ का घालवावा? या शब्दांकडे तुच्छतेने पाहण्याची परंपरा विद्वानांतही आहे. भाषेचा उगम प्राण्यांच्या नकलेतून झाला या मताची खिल्ली उडवायला मॅक्सम्युलर यांनी १८६१ च्या व्याख्यानांत त्याला ‘बाउ-वाउ’ सिद्धान्त असंच नाव दिलं होतं. पण उगमाचा प्रश्न वेगळा आणि वापराचा वेगळा. मुलाखतीत ‘वूफ’ लागणार नाही, हे मान्य. मात्र बातमीचा मथळा, अग्रलेख, कादंबरी, चित्रपट, सहकाऱ्यांच्या गप्पा यांत ‘स्नार्ल’, ‘ब्लीट’, ‘क्रो’, ‘बझ’ सतत येतात, आणि तिथे ज्याला नुसता प्राणी दिसतो त्याला लिहिणाऱ्याचा रोख कळत नाही. समोरचा आपल्या मताला मान देतो आहे की ते उडवून लावतो आहे, हे न कळणं नोकरीतही महागात पडतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चांगले इंग्रजी लेखकच संवादात असे शब्द टाळायला सांगतात. एल्मोर लेनर्ड यांनी २००१ मध्ये मांडलेल्या लेखनाच्या दहा नियमांपैकी एक असा, की संवाद वाहून नेण्यासाठी ‘सेड’शिवाय दुसरं क्रियापद वापरू नये. मला तो नियम नवशिक्यासाठी योग्य वाटतो. प्रत्येक वाक्यानंतर पात्रं ‘ग्राउल’ आणि ‘हिस’ करू लागली की गोष्टीऐवजी प्राणिसंग्रहालय ऐकू येतं. पण तो नियम लिहिणाऱ्यासाठी आहे, वाचणाऱ्यासाठी नाही. आणि लिहिणाऱ्यालाही शब्द माहीत असेल तरच तो टाळता येतो, किंवा शंभर पानांत एकदाच नेमक्या जागी ठेवता येतो.

तेव्हा अभ्यास असा करावा. रोज वाचायच्या इंग्रजी मजकुरात असा शब्द आला की प्राण्याचं नाव न लिहिता चार गोष्टी टिपाव्यात: कोणी वापरला, कोणासाठी, त्याच्या मनात आदर आहे, राग आहे, माया आहे की तुच्छता, आणि हा शब्द कोणत्या थरातला. मग त्या जागी मराठीत आपण काय म्हटलं असतं ते लिहावं, प्राणी बदलला तरी चालेल, किंबहुना बहुतेक वेळा बदलेलच. लहान मुलांच्या पालकांनी उलटी वाट धरावी. मुलाला ‘बाउ-वाउ’ आणि भू-भू दोन्ही एकाच वेळी ऐकवायला काही हरकत नाही. दोन भाषा एकच कुत्रा दोन कानांनी ऐकतात, हे त्या वयात त्याला सहज पटतं. त्यानंतर मात्र ‘मू’वरून ‘बार्क’, ‘ग्राउल’पर्यंत त्याला गोष्टींतून न्यावं, तक्त्यावरून नव्हे. भाषांतर करणाऱ्यांनी आधी भाव पकडावा आणि प्राणी नंतर शोधावा. मिळाला तर उत्तम, नाही तर साध्या शब्दांत सांगावं. काही जागा रिकाम्याच राहतात. इंग्रजीत कोल्ह्याच्या आवाजाला रुळलेली नक्कल नाही. २०१३ मध्ये नॉर्वेच्या दोन भावांचं एक विनोदी गाणं याच प्रश्नावर जगभर गाजलं. आपल्याकडे मात्र कोल्हेकुई आहे, आणि ती क्षुद्र विरोधकांच्या ओरड्याला लागते. ती इंग्रजीत नेताना ‘हाउल’ घेतलं तर दुःख येतं, ‘यॅप’ घेतलं तर क्षुद्रपणा येतो पण टोळी हरवते. मराठी वाक्यात कोणाची खिल्ली उडवली आहे, एकट्याची की कंपूची, हे पाहूनच तिथला शब्द ठरवावा.